झिरो एफआयआर गोष्टीतून शिकवताना

पोलीस प्रशिक्षण केंद्रात नवप्रविष्ट शिपायांना मी आंतरवर्गात, म्हणजे मैदानाऐवजी वर्गात होणाऱ्या तासांत, कायदा शिकवतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिचे काही तास ऑनलाइन घेण्याचे आमच्याकडे ठरले. पडद्यावर कलमे वाचून दाखवली, तर मुले ती पाठ करतात. पण ठाण्यात फिर्यादी समोर उभा राहिल्यावर त्या कलमानुसार आपण नेमके काय करायचे, हे त्यांना तेवढ्याने उमगत नाही. म्हणून मी निवेदन आणि मोबाइलवर काढलेली छायाचित्रे जोडून छोट्या चित्रफिती तयार करायला घेतल्या.

पहिली गोष्ट या संहितेच्या कलम १७३ ची, म्हणजे हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही फिर्याद नोंदवून घेण्याची (झिरो एफआयआर) होती. बाजाराच्या गावी मंगळसूत्र हिसकावले गेलेली बाई आपल्या घराजवळच्या ठाण्यात येते आणि ठाणे अंमलदार तिला म्हणतो, "ही आमची हद्द नाही." निवेदन मी त्या बाईच्या तोंडी ठेवले, कारण अंमलदाराच्या बाजूने सांगितली असती तर ती गोष्ट न राहता कार्यपद्धतीचे परिपत्रक झाली असती. फीत त्या वाक्यावरच थांबते आणि पुढचे प्रशिक्षणार्थींनी लिहायचे असते. हद्द कोणाचीही असो, माहिती नोंदवावीच लागते, तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते आणि मग गुन्हा संबंधित ठाण्याकडे वर्ग करायचा असतो, हे सारे त्या बाईला काय उत्तर द्यावे यावर वाद घालताना त्यांनीच कायद्यातून शोधून काढले. व्याख्यानात मला हे कधी साधले नव्हते.

पुढे त्यांनी स्वतःच्या गोष्टी रचल्या. काहींना गावाकडच्या खऱ्या घटना घ्यायच्या होत्या. तेव्हा खरे नाव, गाव आणि चेहरा कुठेही येणार नाही, हा नियम मी घालून दिला. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम ७२ खाली गुन्हाच आहे, आणि वर्दी अंगावर चढण्याआधीच ही सवय लागलेली बरी.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. त्यावर एका गटाने एकाच जप्तीच्या दोन फिती केल्या. एकीत जप्त वस्तूंची यादी आणि पंचांच्या सह्या स्पष्ट दिसतात, दुसरीत सह्यांच्या वेळी मोबाइल भलतीकडे वळलेला आहे. दुसरी पाहून न्यायालयात बचाव पक्ष काय विचारेल, यावर मुलांनी तास संपला तरी प्रश्न थांबवले नाहीत. आता जप्तीचा तास मी या दोन फितींनीच सुरू करतो आणि पंचनाम्याचा नमुना त्यानंतर उघडतो.