लंडन–ॲमस्टरडॅम : जाताना विमान, येताना रेल्वे

लंडनचा हीथ्रो विमानतळ ते ॲमस्टरडॅमचा स्किपोल हे हवाई अंतर जेमतेम ३७० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेग धरून भागाकार केला, तर उत्तर येतं २६ मिनिटं. आणि आमच्या तिकिटावर सुटण्याची वेळ ९.०० व पोहोचण्याची ११.२०! नवरा म्हणाला, "अगं, एवढ्यात मुंबईहून दिल्ली येते."

त्यातला एक तास घड्याळाचा. ॲमस्टरडॅम लंडनच्या एक तास पुढे. राहिले एक तास वीस मिनिटं, आणि तेही सगळे आकाशातले नव्हेत. वेळापत्रकातला वेळ विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा असतो. हीथ्रोला उड्डाणाच्या रांगेत बराच वेळ गेला. वर गेल्यावर चहा हातात येतो न येतो तोच उतरण्याची घोषणा झाली. खाली उत्तर समुद्र संपून पाणथळ हिरवे पट्टे दिसू लागले. पश्चिमेचा वारा पाठीशी असल्यामुळे जाताना तर आणखीच लवकर होतं.

खरी गंमत उतरल्यावर. स्किपोलची पोल्डरबान ही धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब, की विमान पंधरा मिनिटं नुसतं जमिनीवर चालत राहतं. मध्ये हमरस्ता ओलांडतं, खालून मोटारी जातात! मग पासपोर्टची रांग. आमचा भारतीय पासपोर्ट, त्यामुळे हॉटेल, परतीचं तिकीट, सगळे कागद हाताशी ठेवले होते. पुढचं मात्र झटपट : स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे, तिथून ॲमस्टरडॅमचं मुख्य स्टेशन सेंट्राल पंधरा-वीस मिनिटांवर. तरी घरचं दार ओढल्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत सहा तास गेलेच. हीथ्रोपर्यंतची ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) आणि सिक्युरिटी कुठल्याच तिकिटावर छापत नाहीत ना.

येताना मुद्दाम युरोस्टार ही रेल्वे घेतली. प्रवास चार तासांच्या आसपास, पण घड्याळ मागे येत असल्याने तिकिटावर तीनच दिसतात. ब्रिटनची पासपोर्ट तपासणी ॲमस्टरडॅम स्टेशनातच उरकते. रॉटरडॅम, ब्रसेल्स, मग इंग्लिश खाडीखालून जाणारा ५० किलोमीटरचा बोगदा. त्यात काहीच दिसत नाही, नवरा छान झोपला. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला उतरलो आणि बॅगा ओढत थेट ट्यूबमध्ये. दारापासून दारापर्यंतचा हिशेब जवळपास तेवढाच भरला, पण पाय मोकळे आणि डबा उघडून निवांत जेवण झालं. हीथ्रोच्या शेजारी राहणाऱ्यांनी खुशाल विमानाने जावं; मध्य लंडनवाल्यांनी कशाला?

आता उन्हाळ्यात सासू-सासरे नाशिकहून येणार आहेत. त्यांचं ॲमस्टरडॅमचं तिकीट रेल्वेचंच काढणार. ब्रिटनचा व्हिसा नेदरलँड्सला चालत नाही, म्हणून शेंगेन व्हिसाचं काम तिकडून निघण्याआधीच उरकून घ्या, असं त्यांना आत्तापासून बजावतेय.