जेरंड की इन्फिनिटिव्ह : वहीत पडलेली नवी भर

इंग्रजीत एका क्रियापदापुढे दुसरं क्रियापद आयएनजी लावून (जेरंड) येणार की टु लावून (इन्फिनिटिव्ह), याच्या याद्या घोकणं या खेपेला बंद केलं. एंजॉय, अव्हॉइड, फिनिशपुढे आयएनजी आणि वाँट, होप, रिफ्यूजपुढे टु, एवढं आपल्यापैकी सगळ्यांनाच तोंडपाठ असतं. आता मी एकाच क्रियापदाची दोन वाक्यं शेजारी शेजारी मांडतोय.

सगळ्यात मजा आली ती रिमेंबरला. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावून झालंय आणि लावल्याचं आठवतंय. ‘आय रिमेंबर्ड टु लॉक द डोअर’ म्हणजे आधी आठवलं, मग लावलं. रिग्रेटचंही तेच. ‘आय रिग्रेट सेइंग दॅट’ ही बोलून गेल्यावरची हळहळ. ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ मध्ये वाईट बातमी अजून यायचीच असते. थोडक्यात, आयएनजी मागचं, टु पुढचं.

हे सूत्र सजेस्टपाशी आपटतं. सुचवायचं ते पुढचंच, तरी ‘सजेस्ट गोइंग’. उलट ‘ही मॅनेज्ड टु एस्केप’ मध्ये गडी निसटून मोकळा झालाय, तरी टु. त्यामुळे ते रिमेंबर, फर्गेट, रिग्रेट एवढ्यांपुरतंच ठेवावं, असं माझं मत. बरेच जण स्टॉपलाही याच पंगतीत बसवतात, मला ते पटत नाही. ‘स्टॉप्ड टु टॉक’ मधला टु सरळसरळ हेतूचा आहे: बोलायला म्हणून थांबला. ‘स्टॉप्ड टॉकिंग’ म्हणजे बोलायचाच थांबला.

लुक फॉरवर्ड टु या नाठाळावर मात्र एक चाचणी चांगली चालते. टुपुढे नुसतं नाम ठेवून बघायचं. ‘आय लुक फॉरवर्ड टु द ट्रिप’ जमतं, म्हणजे हा टु शब्दयोगी, त्याच्यापुढे क्रियापद आयएनजी लावूनच येणार. ‘आय वाँट टु द ट्रिप’ काही जमत नाही. ‘आय ॲम यूज्ड टु वेटिंग’ (सवय झालीय) आणि ‘आय यूज्ड टु वेट’ (पूर्वी थांबायचो) यांचा गुंताही असाच सुटतो.

स्टार्टला दोन्ही चालतात, फक्त ‘इट इज स्टार्टिंग रेनिंग’ कानाला खटकतं. दोन आयएनजी लागोपाठ नकोत, म्हणून तिथे ‘टु रेन’.

सध्या मेक हाताशी घेतलंय. ‘दे मेड मी वेट’ मध्ये टु गायब आणि कर्मणी केलं की ‘आय वॉज मेड टु वेट’ म्हणत परत हजर! लेट अजून बाकी आहे.