तुम्ही विचारलंत म्हणून: नाव झालं की मोकळेपणानं बोलता येतं का?

स्टँड-अप करणाऱ्यांना हा प्रश्न हमखास येतो: प्रसिद्धी मिळाली की मनात येईल ते बोलायची मुभा मिळते ना? माझ्या मते उलट होतं. का, ते कळायला आधी विनोद बनतो कसा ते बघायला हवं.

ओपन माइकवर, म्हणजे कुणालाही मंचावर येऊन मजकूर आजमावता येतो अशा कार्यक्रमात, साधारण चार-पाच मिनिटं मिळतात. वेळ संपत आली की मागून लाइट दाखवतात. लाइट दिसल्यावर नवा विषय काढायचा नाही, हातातला पंच, म्हणजे हसवणारी शेवटची ओळ, पूर्ण करून उतरायचं. दर सेट, म्हणजे मंचावरचं आपलं अख्खं सादरीकरण, फोनवर रेकॉर्ड करायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐकताना प्रत्येक हशाची जागा लिहून काढायची. आठवणीवर विसंबू नये. मंचावर असताना एका टेबलावरचं हसूसुद्धा अख्ख्या खोलीचं वाटतं.

मग काटछाट. मराठीत एक खास अडचण आहे: वाक्य क्रियापदावर संपतं. 'घटस्फोटाच्या अर्जावर नवऱ्यानं आईसोबतचा फोटो लावला होता.' यात हसण्याचा शब्द 'आई', पण त्याच्यामागे तीन शब्द उरतात आणि हशा त्यांच्याखाली चिरडतो. 'घटस्फोटाच्या अर्जावर नवऱ्यानं फोटो लावला, आईसोबतचा.' आता लोकांना हसायला जागा मिळाली. असा एक बिट, म्हणजे एका विषयावरचा विनोदाचा तुकडा, बसायला पंधरा-वीस प्रयोग सहज जातात, आणि त्यातले निम्मे पडतात.

हे पडणं म्हणजेच मोकळेपणा. जात, धर्म, सत्ता, शरीर अशा विषयांवर पहिल्या खर्ड्यात निशाणा हमखास चुकतो. हशा जुलूम करणाऱ्यावर न पडता सोसणाऱ्यावर पडतो. लोक कण्हतात, गप्प होतात, आणि तेव्हाच कळतं की बाजू चुकली. ती चूक करायला खोली लागते, आणि ती चूक त्या खोलीतच राहावी लागते.

प्रसिद्धी इथेच घात करते. ओळखीचा चेहरा आला की पहिली काही मिनिटं लोक चेहऱ्यालाच हसतात, त्यामुळे कच्चा विनोद पक्का वाटतो. म्हणून नव्या मजकुराची परीक्षा सेटच्या मधोमध घ्यावी, सुरुवातीला कधीच नाही. दुसरं, कुणीतरी वीस सेकंदांची क्लिप बाहेर नेतं. सेटअप, म्हणजे पंचाआधीची मांडणी, कापला जातो, सूर जातो, आणि पंच एकटा उभा राहून विधान बनतो.

हे क्लिपांच्या आधीही घडलंय. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन स्टँड-अप कलाकार लेनी ब्रूसवर अश्लीलतेचा खटला चालला. कार्यक्रमात बसून टिपणं काढणाऱ्या लायसन्स खात्याच्या निरीक्षकानं त्यांच्या आधारे साक्ष दिली. शब्द ब्रूसचे, पण ना त्याची लय, ना त्याचा सूर. ब्रूसची तक्रार हीच होती की शिक्षा त्या निरीक्षकाच्या सादरीकरणाला मिळतेय. तो दोषी ठरला, १९६६ मध्ये वारला, आणि राज्यपालांची माफी आली २००३ मध्ये.

म्हणून नाव झालेल्यांनीही छोट्या खोल्या सोडू नयेत. जाहिरात न करता जावं, प्रेक्षकांचे फोन बंद पाकिटात ठेवायला लावावेत, आणि हशा पडला नाही तर तो बिट घरी नेऊन पुन्हा ऐकावा.