आमची वाटचाल : आधी भांडं, मग नक्षी

सुरुवातीला आमच्याकडे कुंभाराचं एक चाक, एक जुनी विजेची भट्टी आणि भरपूर हौस होती. चाकावर मी, ब्रश घेऊन बहीण. माझी भांडी तळाला जड व्हायची, ते लपवायला तिची पानंफुलं. विकली जायची, म्हणून आपलं बरं चाललंय असं वाटे. एके दिवशी एका बाईंनी चहाचा मग परत आणून दिला. म्हणाल्या, ‘‘दिसतो छान, पण चहा भरला की एका हाताने उचलवत नाही.’’

त्यानंतर सहा महिने नक्षी बंद, नुसत्या वाट्या. बहीण चिडली, आणि तिचं चिडणं रास्तच होतं. त्या काळात तळाला एस अक्षरासारख्या चिरा पडत आणि मी मातीला नावं ठेवत असे. चूक माझीच होती: गोळा उघडल्यावर, म्हणजे मधोमध खळगा केल्यावर, तळ बोटांनी दाबून घट्ट करत नव्हतो, आत साचलेलं पाणी स्पंजने टिपत नव्हतो.

नक्षी परत सुरू झाली ती चाकापासूनच. आता माती वर ओढताना उमटलेली बोटांची वळी मी पुसत नाही. भाजताना ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) वळ्यांच्या कडांवरून ओघळून पातळ होतं, खाचांत साचतं. कडांवर तपकिरी, खाचांत गडद. ब्रशला हे जमत नाही. (बहिणीला हे वाक्य मान्य नाही.)

ती आता खरवडून नक्षी काढते. भांडं चामड्याइतकं घट्ट झालं की पांढऱ्या मातीची स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावायची आणि टोकदार हत्याराने रेघा काढायच्या. घाई केली तर रेघेच्या कडेला माती गोळा होते, उशीर झाला तर स्लिपचे टवके उडतात. दमट दिवसांत आम्ही तासातासाला हात लावून बघतो.

पुढे गॅसची भट्टी घेतली, ती लोहासाठी. हवा कमी ठेवून 1250 अंशांच्या आसपास भाजलं, तर ग्लेझमधलं एक-दोन टक्के लोह निळसर हिरवं होतं. तेच दहाच्या आसपास नेलं की काळं-तपकिरी. पहिल्या दोन भट्ट्या मळकट राखाडी निघाल्या, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

‘पन्नास मग अगदी एकसारखे द्या’ अशी मागणी अजून येते. गोळे तोलून घेतो, उंची मापतो, वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण 12 टक्के आकसते तेही धरतो. वळी मात्र एकसारखी येणार नाहीत, हे आधीच सांगतो. काहीजण तिथेच ऑर्डर मागे घेतात.