शेवटचे चार आकडे

माझ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आप्पांच्या सहीचे नऊ कोरे चेक कित्येक वर्षं होते. चेकबुकाला रबर बँड आणि त्यात खोचलेली चिठ्ठी: ‘ताईंकडे’.

आप्पा म्हणजे माझे सगळ्यात जुने क्लायंट. इचलकरंजीत त्यांचे चोवीस माग आहेत, शिवाय थोडा कापडाचा व्यापार. बी.कॉम. झाल्यापासून त्यांचे हिशेब मी लिहिते. आधी लाल वहीत लिहायचे, मग कॉम्प्युटरवर हिशेबाचं टॅली आलं. सुताची बिलं, सायझिंगची म्हणजे सुताला खळ लावायची बिलं, कामगारांचा पगार, लाईटबिल, सगळं माझ्या टेबलावरून जातं. पैसे भरायचं काम मात्र मी कधी मागून घेतलं नव्हतं. ‘हिशेब तूच लिहितीस, मग भरूनबी टाक की,’ असं आप्पा एकदा म्हणाले आणि चेकबुक आलं. पुढं नेट बँकिंगचा पासवर्डही आला. ओटीपी त्यांच्या मोबाईलवर यायचा. ते मागांच्या खडखडाटातून ओरडून सांगायचे आणि मी तीन-तीनदा विचारून घ्यायचे.

आमच्या कामात हे सर्रास चालतं. मालकाला वेळ नसतो, आणि तारखा तर कुणासाठी थांबत नाहीत. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून ठेवलेला आयकर, ७ तारखेला, पीएफ १५ ला, जीएसटीचं ३बी हे विवरणपत्र २० ला. कापलेला टीडीएस भरायला उशीर झाला की महिन्याला दीड टक्का व्याज लागतं, आणि एका दिवसाचा उशीरही महिनाच धरतात. अशा वेळी मालक लग्नाला गेलेला असला की पासवर्ड हाताशी असल्याचं बरंच वाटतं. मलाही वाटायचं.

२०१८ च्या दिवाळीआधीची गोष्ट. एका नव्या सूतवाल्याला १,८६,४०० रुपये पाठवायचे होते. त्यानं बिलाचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला होता. खाते क्रमांक खालच्या शिक्क्यात होता आणि शिक्क्याची शाई पसरलेली. त्यातला ३ मी ८ वाचला. क्रमांक दोनदा टाकायला लावतात तो असल्या चुका पकडण्यासाठीच, पण मी दोन्ही वेळा त्याच फोटोत बघून ८ च टाकला. नाव बरोबर, शाखेचा आयएफएससी कोड बरोबर. पैसे गेले.

तेव्हा एनईएफटीनं, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत, पाठवलेले पैसे जमा होताना खाते क्रमांकच बघितला जायचा. नाव जुळतंय का, ते ताडून बघायची सोय पाठवणाऱ्याकडे नव्हती. तिसऱ्या दिवशी सूतवाल्याचा फोन आला, ‘पेमेंट आलं नाही.’ मी स्टेटमेंट उघडलं, मग फोटो मोठा करून बघितला आणि हातपाय गार पडले.

पैसे एका अनोळखी माणसाच्या बचत खात्यात गेले होते. त्यानं संमती दिल्याशिवाय बँक परत घेऊ शकत नव्हती. सव्वीस दिवस मी बँकेच्या पायऱ्या झिजवल्या. तो माणूस सज्जन निघाला, पैसे परत आले. तोवर माझी एफडी मोडायची तयारी मी करून ठेवली होती. आप्पा एवढंच म्हणाले, ‘माणूस हाय, चुकतंय.’ ते रागावले असते तर मला सोसलं असतं.

त्याच फेऱ्यांमध्ये बँकेतल्या साहेबांनी विचारलं होतं, ‘हे खातं नेमकं चालवतं कोण?’ मला उत्तर देता आलं नाही. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक त्यांनीच मला दाखवलं. खातेदारानं स्वतः पासवर्ड किंवा ओटीपी दुसऱ्याला दिला आणि त्यातून फसवणूक झाली, तर तो बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचंच. म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवरून उद्या कुणी तो पासवर्ड उचलला असता, तर आप्पांच्या चोवीस मागांची कमाई गेली असती आणि बँकेनं हात वर केले असते.

मी चेकबुक घेऊन त्यांच्या घरी गेले. नऊच्या नऊ चेक टेबलावर मोजून ठेवले. आप्पांचा चेहरा उतरला. ‘आमचं काय चुकलं का, ताई?’ त्यांना वाटलं मी काम सोडतेय. आक्कांनी चहा ठेवला, तासभर बोलणं झालं. मग आम्ही बँकेत जाऊन चालू खात्याला दोन लॉगिन करून घेतली. मी मेकर, आप्पा चेकर. पेमेंट मी तयार करायचं, मंजुरी त्यांनी द्यायची. जुना पासवर्ड तिथल्या तिथं बदलला. मोबाईलवर मंजुरी कशी द्यायची ते सूनबाईंनी शिकवलं.

तेव्हापासून रोज दुपारी चारला फोन. मी नाव, रक्कम आणि खात्याचे शेवटचे चार आकडे वाचते, आप्पा डायरीत लिहून घेतात, मग मोबाईलवर तेच दिसतंय का ते बघतात. पहिले दोन महिने त्यांनी कुरकुर केली. मग एकदा म्हणाले, ‘हे थांबव. सात बाचकी भिजून आल्यात, मी बोललोय त्याच्याशी.’ माझ्याकडे बिल पूर्ण रकमेचं होतं, माल मिळाल्याच्या चलनावर सही होती. टॅलीत भिजलेलं सूत कुठं दिसणार? मी एकटीनं ते बिल डोळे झाकून भरलं असतं.

आता नवीन क्लायंट आला की मी आधीच सांगते: पासवर्ड नको, सहीचे कोरे चेक नकोत, मेकरचं लॉगिन द्या. दोघं त्यावरून दुसरीकडे गेले. वाईट वाटतं, त्यातल्या एकाचं काम बारा वर्षांचं होतं. पण यात मी मागं हटणार नाही.

रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांना एनईएफटी आणि मोठ्या रकमांच्या आरटीजीएससाठी पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय करायला सांगितली होती. आप्पांच्या बँकेत ती सुरू झाली, तेव्हा मी सगळ्यात आधी त्या जुन्या सूतवाल्याचा क्रमांक टाकून बघितला. क्षणभरात खातेदाराचं नाव समोर आलं. त्या नावाकडे मी किती तरी वेळ बघत बसले होते.

चारला आप्पांना फोन केला, नाव आता दिसतं म्हणून सांगितलं.

‘बरं झालं,’ ते म्हणाले. पलीकडे डायरीचं पान उलटल्याचा आवाज आला. ‘हां, सांग. शेवटचे चार आकडे?’