वय विचारलं तर पायथॉन म्हणतो मत

आमचं मुलांना पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचं पोर्टल आहे, पुण्यातली छोटी टीम. मुलं व्हेरिएबलची नावं बिनधास्त मराठीत देतात, पायथॉन ३ ला ते चालतं. मी टेस्टिंग बघते. सर्व्हर पायथॉन ३.११ वरून ३.१२ वर न्यायचा होता, तर एररच्या शेवटी जे 'डिड यू मीन' (तुम्हाला हे म्हणायचं होतं का?) असं सजेशन येतं (३.१० पासूनची सोय, म्हणजे २०२१ ची) ते दोन्हीकडे सारखं येतंय का एवढंच बघायचं होतं. दुपारपर्यंत आटपेल असं वाटलेलं.

सकाळ तर वेगळ्याच कारणाने गेली. जुन्या टेस्ट एक्सेप्शन (म्हणजे एरर) पकडून ट्रेसबॅक मॉड्यूलने (पायथॉनमधलाच एरर छापायचा भाग) छापत होत्या आणि ३.११ वर त्यात सजेशन येतच नाही, कारण तिथे इंटरप्रिटर (प्रोग्रॅम चालवणारा पायथॉन) एरर स्वतः स्क्रीनवर टाकतो तेव्हाच, त्याच्या सी भाषेतल्या कोडमध्ये, ते चिकटवलं जातं. ३.१२ पासून ट्रेसबॅक मॉड्यूलही सजेशन देतो. मग ३.११ वर प्रत्येक प्रोग्रॅम वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून स्टँडर्ड एररवर (एरर बाहेर पडायची वाट) काय पडतं ते वाचायला लागले.

आणि मग एका पोराचं तिकीट (पोर्टलवरची तक्रार) उघडलं. मतदानाचा प्रोग्रॅम. मत = ० असं वर लिहिलंय, वय इनपुट घ्यायची ओळ विसरलाय, आणि खाली थेट 'वय १८ किंवा जास्त असेल तर मत एकने वाढव'. ३.११ म्हणतो: वय डिफाइन केलेलं नाही, डिड यू मीन मत? पोराने इमानदारीत वयच्या जागी मत घातलं. एरर गेला, उत्तर कायम शून्य. तिकिटात लिहिलेलं, 'पायथॉनने सांगितलं तसं केलं तरी मत पडत नाही.' मी हसले खरी, पण बिचाऱ्याचं काय चुकलं?

तोच प्रोग्रॅम ३.१२ वर टाकून एरर ट्रेसबॅक मॉड्यूलने छापला तर सजेशन गायब. वय आणि मत यांत एक अक्षर सारखं नाही, मग ३.११ ला ते जवळचे वाटले कसे? सोर्स उघडून बसले. एक अक्षर बदलायची किंमत २ (फक्त कॅपिटल-स्मॉल असेल तर १), आणि चालणारी मर्यादा म्हणजे दोन्ही नावांच्या लांबीची बेरीज अधिक ३, या सगळ्याला गुणिले २, भागिले ६, अपूर्णांक सोडून. इंग्रजीतली दोन-दोन अक्षरी नावं घेतली तर मर्यादा येते २, दोन अक्षरं बदलायला लागतात ४, म्हणजे सजेशन नाही. बरोबरच आहे. पण ३.११ लांबी अक्षरांत मोजत नाही, यूटीएफ-८ (कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायची पद्धत) च्या बाइट्समध्ये मोजतो! देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट, आणि व, य, म, त या सगळ्यांचे पहिले दोन बाइट एकच, फरक काय तो तिसऱ्यात. म्हणजे लांबी सहा-सहा, मर्यादा झाली ५ आणि खर्च तोच ४. बसलं की!

मग चेवच चढला. 'वजन' विसरलं तर 'गाव' सुचवतो (काना वेगळा मोजतात, म्हणून दोन्ही तीन-तीन अक्षरी), खर्च ६ आणि मर्यादा ७. कागदावर मांडलं तर अशा एकसारख्या लांबीच्या नावांत मर्यादा कायम खर्चापेक्षा एकने जास्त निघते, वेलांटी-उकार मध्ये आले की गणित थोडं हलतं एवढंच. ३.१२ च्या ट्रेसबॅक मॉड्यूलमध्ये हिशोब पायथॉन कोडमध्ये, सरळ अक्षरांवर होतो, म्हणून तो गप्प बसला. खरी चूक मात्र, म्हणजे 'एकूण' ऐवजी 'एकुण', दोघंही पकडतात.

लीड म्हणाला, "अगं मग सगळं ३.१२ वरच टाकू ना." पण एक लायब्ररी अजून तयार नव्हती, काही वर्ग ३.११ वरच राहणार होते. शेवटी असं ठरलं की ३.११ वर नाव देवनागरीत असेल तर पायथॉनचं सजेशन कापायचं, अक्षरांवर आपणच मोजायचं, आणि जवळचं काही नसेल तर 'वय ला अजून किंमत दिलेली नाही' एवढंच दाखवायचं. पोराचा प्रोग्रॅम जसाच्या तसा टेस्टमध्ये घातला.

आता ३.१३ ची पाळी. तिथे कीवर्ड आर्ग्युमेंट (फंक्शनला नावासकट दिलेली किंमत) चं नाव चुकलं तरी सजेशन येतं, फक्त 'डिड यू मीन' नंतर कोलन नाही, आणि आमचा रेजेक्स (मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं सूत्र) कोलन धरून बसलाय.