आधी हात धुणे, मग डबा

बालवाडीचे प्रवेश सुरू झाले की एखादी आई बाकीचे पालक निघून जाईपर्यंत थांबते. मग हळूच विचारते, "ताई, हा अजून बोलत नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलाय. घ्याल ना?"

घेते. "आमच्याकडे तशी सोय नाही" म्हणून अशा मुलांना परत पाठवणाऱ्या शाळांचा मला राग येतो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, आहे, आणि सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा असं तो कायदा सांगतो. शिवाय एवढ्या लहान मुलासाठी लागणारी पुष्कळशी सोय पुठ्ठा, फोटो आणि धीर एवढ्यात होते.

सध्या वर्गात असलेल्या एका मुलाबद्दल लिहिते, त्याच्या आईला विचारून आणि नाव न घेता. गाडीची चाकं फिरवत बसायचा, हाकेला वळायचा नाही. (कानांची तपासणी आधीच झाली होती. ती व्हायलाच हवी. ऐकू न येणारं मूलही हाकेला वळत नाही.) त्याचं रडणं ठरावीक वेळचं होतं. खेळ आवरून डब्याला बसताना, अंगणातून आत येताना. बालवाडीत "चला, आटपा" म्हणून टाळ्या वाजवल्या की बहुतेक मुलं उठतात. त्याला मात्र हातातलं चाक गेलं एवढंच कळायचं, पुढे काय येणार ते नाही.

म्हणून आमच्याच दिवसाचे फोटो काढून वेलक्रोनं भिंतीवर लावले. आमचा नळ, आमची चटई, त्याचा निळा डबा. छापील तक्ते मुद्दाम टाळले, त्यांतला नळ आमच्या नळासारखा दिसतच नाही. एक काम झालं की तो फोटो काढून खोक्यात टाकतो. फार घाबरला असेल तर हातात दोनच फोटो देते: आधी हात धुणे, मग डबा. रडणं एका दिवसात थांबलं नाही, पण हळूहळू खूपच कमी झालं. आणि गंमत म्हणजे बाकीची मुलंही सकाळी आधी त्याच भिंतीपाशी जातात.

बोलण्याचं जरा सविस्तर सांगते. तहान लागली की तो येऊन विचारतो, "पाणी हवंय का?" नव्या मदतनीस ताई म्हणाल्या, "मला नको रे बाळा." तो किंचाळला. घरी पाणी नेहमी याच वाक्यासोबत मिळालेलं, त्यामुळे त्यानं ते अख्खं उचललंय. तिथे चूक काढत बसू नये. पेला पुढे करत त्याच्या वतीनं म्हणावं, "मला पाणी हवंय," आणि लगेच द्यावं. तहानलेल्या मुलाला "नीट बोल, मगच देईन" म्हणणं मला क्रूर वाटतं. आता कधी कधी "मला पाणी" येतं, नाहीतर तो पेल्याचा फोटो आणून देतो. मी दोन्हींना सारखाच मान देते. चित्रांची सवय लागली की मूल बोलणार नाही, ही भीती आजी-आजोबांना असते. आजवरच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही.

डब्यात त्याला कोरा भात किंवा कोरी पोळी लागते. आम्ही भाजी कोंबत नाही.

निदान मात्र शिक्षकानं करू नये. मला जे दिसतं ते तारखेनिशी लिहून मी पालकांच्या हाती देते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं, आणि तिथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीतल्या अडचणींवर लहानपणीच मदत सुरू करणाऱ्या केंद्रात, पाठवता येतं. "त्याचे बाबाही उशिराच बोलले होते" म्हणत वर्ष घालवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

आता स्नेहसंमेलन जवळ आलंय. स्पीकर त्याला सहन होत नाही, म्हणून रिकाम्या सभागृहात त्याला आधी नेऊन आणणार आहे. त्या दिवशी वाटलं तर तो नाचात उभा राहील. नाही वाटलं तर पडद्यामागे मुलांच्या टोप्या रंगांप्रमाणे लावून देईल. ते काम त्याच्याइतकं नीट कुणालाच जमत नाही. आई-बाबांना दोन्ही चालणार आहे, मी विचारून ठेवलंय.